बांधावरचं झाड वाळतंय? औषध मारायच्या आधी हे तपासा

पोळा झाला की विचारणा सुरू होते, ती थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, चालते. "भाऊ, निंब वाळी ऱ्हायना, काय मारू?" म्हणजे कडुनिंब वाळतोय, कोणतं औषध फवारू? काय मारू हा प्रश्न शेवटी यायला हवा, पण तोच सगळ्यांत आधी येतो. दुकानदारही एखादं बुरशीनाशक, एखादं टॉनिक आणि वर एखादं कीटकनाशक हातात ठेवून मोकळा होतो. पुढच्या वर्षी तेच झाड अजून वाळतं, शेजारचं दुसरं धरतं, आणि मग "हवाच बिघडली" म्हणून विषय संपतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या पट्ट्यात मोठं झाड वाळण्याची निदान सात-आठ वेगवेगळी कारणं आहेत. त्यातल्या बहुतेकांवर फवारणीचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय मोठं झाड ज्या वर्षी वाळतं त्या वर्षी बहुधा बिघडलेलं नसतं. दोन-तीन वर्षांपूर्वी, कधी त्याहूनही आधी, त्याच्या मुळांशी काहीतरी घडलेलं असतं आणि खोडात साठवलेल्या अन्नावर ते तग धरून असतं. त्यामुळे पानांकडे बघून निदान करू नका. वाळणं कुठून सुरू झालं ते बघा आणि गेल्या चार-पाच वर्षांत झाडाच्या आसपास काय बदललं ते आठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर जास्त लवकर कळेल.

आधी खात्री करा, झाड मेलंय का

हे सांगावं लागतं, कारण जिवंत झाडं तोडली जातात. साग मे महिन्यात उघडाबोडका असतो, पाऊस पडल्यावर फुटतो. सातपुड्यातली सालई तशीच. पळस ऐन फुलात असतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं. मोह फुलं गाळतो त्या दिवसांतही जवळपास निष्पर्ण असतो. निंबाचं मात्र उलट आहे: जुनी पानं झडून चैत्रात कोवळी लालसर पालवी आली पाहिजे, पाडव्याला पाला मिळाला पाहिजे. आखाजी येऊन गेली आणि निंबावर पान नाही, तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

तपासणी सोपी आहे. बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली या, जाड फांदीवर खरवडा, मग खोडावर. हिरवं जिथे लागतं तिथपर्यंत झाड शाबूत आहे. खोडावर चारही बाजूंनी कुठेच हिरवं लागलं नाही तरच ते गेलं म्हणा. एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असेल तर तो मोठा पुरावा आहे, त्याचं पुढे बोलू.

फक्त निंब, तोही शेंड्याकडून, पावसाळ्यानंतर

हा सध्याचा सगळ्यांत जास्त येणारा प्रकार. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोवळे शेंडे तपकिरी होतात, पानं जळाल्यासारखी लटकतात, लांबून बघितलं तर झाडाच्या डोक्यावर कुणी आगीचा हात फिरवल्यासारखं दिसतं. खालची पानं हिरवी असतात. हिवाळ्यात वाळणं खाली सरकतं आणि काही झाडं पार भुंडी होतात.

याला शेंडेमर म्हणतात. फोमॉप्सिस अझाडिरेक्टे नावाची बुरशी त्याच्या मुळाशी आहे. देहरादूनच्या बाजूला १९९० च्या दशकात ती नोंदली गेली, पुढे दक्षिणेत पसरली, आणि २०२१ च्या सुमारास तेलंगणात रस्तेच्या रस्ते तपकिरी झाले तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. बुरशीच्या जोडीला एक कीडही असते. कोकणात काजूवाले तिला ढेकण्या म्हणतात, इंग्रजी नाव टी मॉस्किटो बग. ती कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस पिते, टोचलेल्या जागी काळे डाग पडतात, कधी डिंक येतो, आणि त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. पाऊस लांबला, हवेत दमटपणा राहिला की दोघांचंही फावतं.

चांगली बातमी अशी की बरीच झाडं यातून उठतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या फांद्यांना फुटवे येतात. म्हणून डिसेंबरात वाळलेला निंब बघून कुऱ्हाड लावू नका, चैत्र जाऊ द्या.

करायचं काय? वाळलेले शेंडे हाताला लागतील तेवढे, हिरव्या भागात वीतभर आत घेऊन कापा आणि जाळा किंवा पुरा. झाडाखाली ढीग घालून ठेवू नका, बुरशी वाळलेल्या काटक्यांवर जगते. लहान झाड असेल, पंधरा-वीस फुटांपर्यंत, तर पाऊस उघडल्यावर कार्बेन्डाझिमसारखं आंतरप्रवाही बुरशीनाशक आणि ढेकण्यासाठी एक कीटकनाशक अशी फवारणी करता येते. नेमकं कोणतं आणि किती, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आपल्याकडे पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबार इथे ती आहेत. कापलेली फांदी कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन सडते. मोठ्या, जुन्या निंबावर फवारणी पोचतच नाही, त्या भानगडीत पडू नका. त्याला उन्हाळ्यात पाणी आणि बुंध्याभोवती मोकळी जमीन द्या. ताकद असलेलं झाड शेंडेमर पचवतं, तहानलेलं पचवत नाही.

आणि हो, फवारलेल्या झाडाचं दातण करू नका, पाडव्याचा पाला त्याचा घेऊ नका. सांगायची गोष्ट नाही खरं तर, पण फवारलेल्या झाडाखालून पोरं काड्या मोडून नेताना बघितली आहेत.

या रोगाचा फटका झाडापुरता राहत नाही. बुरशी मोहरावर आणि फळांवरही बसते, जोराचा रोग असेल तर निंबोळी जवळजवळ धरतच नाही. कपाशीवाल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पाच टक्के निंबोळी अर्क करायचा तर शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी लागते. गावातल्या निंबांखालून पोरांकडून गोळा करून घेतलेली ती निंबोळी होती. आता ती नाही, म्हणून बाटली विकत आणायची. बाटलीतलं औषध मित्रकिडीही मारतं, मग मावा-तुडतुडे वाढतात, मग आणखी एक फवारणी. बांधावरच्या एका झाडाचं आणि कपाशीच्या खर्चाचं नातं असं आहे.

एकाच बाजूने वाळतंय

खरवडून बघताना एक बाजू हिरवी आणि एक कोरडी लागली असेल तर त्या कोरड्या बाजूची जमीन बघा. जेसीबीने पाइपलाइनचा चर गेलाय का? रस्ता रुंद झालाय का? घराचा पाया खणलाय का? ट्रॅक्टरची खोल नांगरट बुंध्यापर्यंत गेलीय का?

झाडाची पाणी घेणारी मुळं खोल जातात हा गैरसमज आहे. सोटमूळ खोल जात असेल, पण खाणारी-पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. तीन फूट खोल चर झाडाच्या एका अंगाने गेला की त्या बाजूची बहुतेक मुळं तुटली. त्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बाजूच्या फांद्या वाळतात, आणि तोपर्यंत चर बुजून त्यावर गवत उगवलेलं असतं, कुणाला आठवत नाही.

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग, जुना ६ नंबरचा, आता ५३, चौपदरी होताना दुतर्फा मोठे निंब, चिंचा, वड गेले. ते तोडले ते तोडले. पण कडेला जी उरली त्यातली कित्येक अशी एका बाजूने तुटलेल्या मुळांवर उभी आहेत. ती वादळात पडतात आणि पेपरात "जीर्ण वृक्ष कोसळला" छापून येतं.

उपाय: वाळलेल्या फांद्या काढून टाका, जिवंत बाजू जास्त छाटू नका, अन्न तीच करतेय. त्या बाजूला घेराच्या कडेने पाणी द्या. पाइपलाइन अजून टाकायची असेल तर चर झाडापासून निदान फांद्यांच्या घेराबाहेरून न्या, आणि जागाच नसेल तर झाडाजवळचे दहा-पंधरा फूट मजुरांकडून हाताने खणून मोठ्या मुळांखालून पाइप सरकवा. दोन मजुरांची एका दिवसाची मजुरी जास्त जाते, चाळीस वर्षांचं झाड वाचतं.

सगळीकडून, हळूहळू: पानं लहान, पालवी विरळ

इथे खरी गोम आहे, म्हणून जरा थांबतो.

झाड दरवर्षी थोडं थोडं विरळ होतं, पान बारीक येतं, वरच्या काड्या वाळून राहतात, खोडावर फुटवे येतात. रोग दिसत नाही, कीड दिसत नाही. यात मला पहिला संशय पाण्याचा येतो. फक्त पाऊस कमी झाला एवढाच नाही. जळगाव जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आहे आणि निंब, चिंच, बाभूळ, बोर या झाडांना तेवढा पुरतो. बदललंय ते जमिनीखालचं. यावल, रावेर, चोपड्याच्या केळी पट्ट्यात उघड्या विहिरींची जागा बोअरनी घेतली आणि बोअर खोल खोल गेले. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, डोंगरातून येणारे नाले तिथे जिरतात आणि तेच पाणी खाली तापीकडे झिरपत येतं. डोंगरावरचं जंगल विरळ झालं की पाणी जिरायच्या आत वाहून जातं. वर झाडं गेली म्हणून खाली विहीर आटली, विहीर आटली म्हणून बांधावरची चिंच वाळली, अशी ती साखळी आहे. तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये केला. ते पाणी जिरेल तेव्हा जिरेल, तोवर आपला नाला आपणच अडवायचा.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. केळीला पूर्वी पाटाने पाणी होतं. पाट फुटायचे, झिरपायचे, बांधावरच्या झाडाला फुकटात पाणी मिळायचं आणि त्याची मुळं तिकडेच पसरलेली असायची. मग ठिबक आलं. पाणी वाचलं, केळी सुधारली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बांधावरचा आंबा पाटावर पोसलेला होता, त्याला कुणी सांगितलं नाही. ठिबक केल्यानंतर तीन-चार वर्षांत बांधावरची जुनी झाडं विरळ झाली असतील तर कारण बहुतेक हेच. लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, एक फाटा काढून झाडाच्या घेराभोवती गोल फिरवा, मार्च ते जून पंधरा दिवसांतून एकदा तो रात्रभर चालू ठेवा. मोटार चालू असतेच, वेगळा खर्च नाही.

पाणी देताना बुंध्याशी ओतू नका. खोडाला पाणी पिता येत नाही, उलट खोड कुजतं. फांद्यांची सावली दुपारी बाराला जिथे संपते तिथे वीतभर खोल गोल चर काढा आणि तो भरा.

काळ्या जमिनीचा आणखी एक त्रास आहे. एप्रिलमध्ये आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, काही ठिकाणी अख्खा हात कोपरापर्यंत जातो. त्या भेगेत वाकून बघा: दोन्ही कडांना ताणून तुटलेली केसासारखी मुळं लोंबताना दिसतील. जमीन आकसते तशी ती तुटतात. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे गेला की वरून ऊन आणि भेगेतून आत शिरणारी गरम हवा, दोन्हीकडून ओल जाते. भेगा पडायच्या आधी, होळीच्या सुमारास, घेराखालची जमीन वरवर खुरपून मोकळी करा आणि त्यावर पालापाचोळा, केळीची वाळलेली पानं, भुसा यांचा चांगला थर द्या. थर खोडाला चिकटू देऊ नका, वीतभर जागा सोडा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, मात्र बुंध्याशी रचू नका. वाळवी येते, आगीचं भय राहतं, आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत फुकटचं घर मिळतं.

तिसरा संशय: माती वर चढलीय का? खोड जमिनीत शिरताना खाली रुंद होत गेलं पाहिजे, मुळांचा फुगारा दिसला पाहिजे. खांब रोवल्यासारखं सरळ जमिनीत जात असेल तर त्यावर भर पडलीय. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना २०१७ पासून आहे, गाळाने हलकी रानं सुधारली हे खरंच आहे. पण ट्रॅक्टरवाला ट्रॉली रिकामी करतो ती सोयीची जागा बघून, आणि सोयीची जागा असते झाडाखालची सावली. दोन फूट गाळ मुळांवर बसला की हवा बंद. मुळांना श्वास लागतो, हे आपण पिकाच्या बाबतीत मान्य करतो, झाडाच्या बाबतीत विसरतो. फावड्याने गाळ ओढून मुळांचा फुगारा उघडा करा, एवढाच उपाय, आणि तो पहिल्या वर्षी केला तरच.

गावातल्या वडा-पिंपळाचं दुखणं याच जातीचं. पाराचं सुशोभीकरण होतं: निधी येतो, पार बांधला जातो, वर फरशी, खोडाला लागून सिमेंट, ग्रॅनाइटवर नावं. पाणी आत जायला जागा नाही, खोडाला जाड व्हायला जागा नाही. पाच-सात वर्षांनी पिंपळ वरून वाळायला लागतो आणि मग "कुणाची तरी नजर" वगैरे. खोडाभोवतीची चार-पाच फुटांची फरशी फोडा, माती उघडी करा. ज्यांची नावं ग्रॅनाइटवर आहेत त्यांना आधी भेटा, म्हणजे भांडण होणार नाही. त्यांची नावं बाजूच्या बाकावर लावता येतात.

उलटा प्रकारही असतो. गिरणेच्या कालव्यांखालच्या सखल रानांत काही झाडं पाणी जास्त झाल्याने गुदमरतात. लक्षणं अगदी तहानलेल्या झाडासारखीच दिसतात, पानं पिवळी, शेंडे वाळलेले. म्हणून पाणी द्यायच्या आधी दोन फूट खणून बघाच. खाली चिखल आणि कुजका वास आला तर पाणी बंद करून चर काढायचा.

एकदम वाळलं, पानं झाडावरच चिकटून

पंधरा दिवसांत हिरव्या झाडाची पानं न गळता वाळली तर बुंधा तपासा. गुडघ्यावर बसा आणि पूर्ण फेरी मारा.

साल गोल सोललेली दिसली तर कारण माणूस आहे. सावलीने कपाशी बसते, बांधावरून वाद आहे, किंवा तोडायची परवानगी मिळत नाही म्हणून झाड "आपोआप" मरावं, हे सगळं चालतं. सालीतून अन्न खाली मुळांना जातं. साल पूर्ण गोल निघाली की मुळं उपाशी मरतात, कधी महिन्यांत, कधी दोन हंगामांत. जखम ताजी आणि अर्धवट असेल तर तिच्यावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडी भांड्यात नको. पूर्ण कडं निघालं असेल आणि आठवडे उलटले असतील तर आशा थोडीच.

खोड एका बाजूने काळं पडलं असेल तर बांध पेटवला होता. मे महिन्यात बांधाचं गवत पेटवायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि वाऱ्याच्या आडोशाची बाजू जास्त भाजते, कारण ज्वाळा तिथे खोडाला लपेटून वर चढते. सालीखालचा जिवंत थर शिजतो. दोन पावसाळ्यांनी तिथली साल गळून पोकळी पडते, आणि बुंध्याशी लाकडासारखी टणक, वरून तांबूस चकचकीत छत्री उगवली तर आतलं लाकूड कुजायला लागलंय असं समजा. ते झाड हिरवं असलं तरी वैशाखातल्या वावटळीत पडू शकतं. रस्त्याकडेला, घराजवळ, शाळेजवळ असेल तर वजनाच्या फांद्या आधी उतरवून घ्या. अशा झाडाला आखाजीचा झोका बांधू देऊ नका.

नंदुरबारकडे, अक्राणी-अक्कलकुव्याच्या बाजूला, आगीचं वेगळं रूप आहे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. मोठा मोह त्याने मरत नाही, पण त्याच्या बियांतून उगवलेलं एकही रोप राहत नाही. बघाल तिथे आजोबांच्या वयाचे मोह आणि त्यांचं एकही पोर नाही. पाला झाडून एका बाजूला करायचा किंवा खाली जाळी, जुनी साडी अंथरायची. मोहाच्या पैशांवर उन्हाळा काढणाऱ्या घरांना हे पटतं, फक्त जाळीचे पैसे कुणीतरी आधी काढावे लागतात.

तणनाशक हे एकदम वाळण्याचं नवं कारण. पानं आधी वेडीवाकडी, वाटीसारखी वळलेली, शिरा जवळ जवळ आलेल्या, मग वाळलेली, असं असेल तर टू-फोर-डीचा वारा लागला असण्याची दाट शक्यता आहे. कपाशीवर तोच पंप न धुता वापरला की काय होतं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, झाडावरही तेच होतं. ग्लायफोसेट बांधावर मारताना बुंध्याच्या हिरव्या फुटव्यांवर बसलं तर ते फुटव्यांतून मुळापर्यंत जातं. एकदा बसल्यावर उतारा नाही. पाणी द्या, वाट बघा, आणि बुंध्याभोवती चार फुटांत विळ्याने गवत काढायची सवय लावा.

खोडावर जाळी, भुसा, भोकं

हे सोपं. सालीवर तपकिरी, चघळलेल्या भुशाच्या आणि रेशमाच्या पट्ट्या दिसतात, त्यांच्या टोकाला फांदीच्या बेचक्यात भोक असतं. ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात, रात्री बाहेर. पट्ट्या ब्रशने साफ करा, भोकात तार घाला, रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कोंबा, वरून चिखलाने लिंपा. बोर, पेरू, डाळिंब, शेवगा, आंबा, बाभूळ, सगळ्यांवर येते. वाळवीची माती खोडावर चढलेली दिसली तर ती खरवडून बघा. वाळवी बहुधा मेलेली साल खाते, मारेकरी दुसराच असतो.

गावातली एकाहून जास्त झाडं वाळत असतील

एका शिवारात वेगवेगळ्या जातींची झाडं एकाच दोन-तीन वर्षांत वाळायला लागली तर झाडागणिक औषध शोधणं सोडा. त्या शिवाराचं पाणी आणि आग हे दोनच प्रश्न आधी ग्रामसभेत घ्या.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. उघडा पडलेला डोंगर गावाने १९९० च्या दशकात स्वतः राखायला घेतला, वृक्षतोडीवर दंड लावला, पाणी अडवलं. जंगल परत आलं, विहिरींना पाणी आलं, आणि पाण्यासाठी बाहेर पडणारं गाव शेजारच्या गावांना पाणी देऊ लागलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे फार रोपं लावून जंगल झालं नाही. आहे त्या खुंटांना फुटू दिलं, त्यांच्यावर कुऱ्हाड पडू दिली नाही. दरवर्षी जूनमध्ये फोटो काढून लावलेली आणि पुढच्या मेमध्ये वाळलेली रोपं मोजत बसण्यापेक्षा हे स्वस्त आहे. आपल्या बांधावरही निंबाचं, बोराचं, बाभळीचं आपोआप उगवलेलं रोप असतंच, नांगर त्याच्यापासून चार बोटं लांब फिरवायचा एवढंच.

केळीवाल्यांसाठी वेगळं: बागेच्या पश्चिमेला शेवरी किंवा उंच झाडांची ओळ नसेल तर मे-जूनच्या वादळात घड धरलेली केळी आडवी होते, हे सांगायला नको. बांधावरची झाडं वाळत जाणं म्हणजे ती भिंत एकेक वीट निघत जाणं. विम्याच्या अर्जात हे कारण लिहायला रकाना नसतो.

तोडायचंच असेल तर

वाळलेलं झाडसुद्धा विचारल्याशिवाय तोडू नका. ग्रामीण भागात खासगी जमिनीवरच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, अंजन अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते. नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष म्हणून धरलं जातं. अर्जासोबत झाडाचे चारही बाजूंचे फोटो आणि बुंध्याचा घेर द्या, काम लवकर होतं. आणि धोका नसेल, म्हणजे खाली रस्ता, घर, तार काही नसेल, तर मेलेलं झाड उभं राहू द्या. पिंगळे, पोपट, हुदहुद यांना ढोल्या जिवंत झाडापेक्षा वाळलेल्यात जास्त मिळतात, आणि शेतातला उंदीर पिंगळा फुकटात खातो.

विचारताना एवढं पाठवा

फक्त वाळलेल्या शेंड्याचा फोटो पाठवून "काय मारू" विचारू नका. झाड कोणतं आणि साधारण किती जुनं. पूर्ण झाडाचा एक फोटो, बुंध्याचा जमिनीसकट एक, खरवडलेल्या सालीचा एक. वाळणं कोणत्या महिन्यात दिसलं आणि शेंड्याकडून, एका बाजूने की सगळीकडून. जमीन काळी, हलकी की मुरमाड. जवळची विहीर किंवा बोअर किती खोल आणि उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं. ठिबक कधी केलं. गेल्या पाच वर्षांत चर, रस्ता, गाळ, फरशी, आग, तणनाशक यातलं काय काय झालं. शेजारच्या शेतात कुणी काय केलं हेही लिहा, नाव लिहायची गरज नाही.